चारी कोपरे शाबूत

सुलतानपूर, ता. लोणार
८ जुलै २०२४

किसन,

पहिले कोपरे पाहून घे. चारी शाबूत आहेत. मुद्दाम कोरं पाकीट आणलं, कार्ड घेतलंच नाही. पेटीत टाकायच्या आधी तुह्या जहांआराभाभीले दोन्ही बाजूंनी दाखवलं, साक्षीदार पाहिजे म्हणून. कोणी मेलं नाही. आता तुह्या शालूआत्याच्या हाती लागायच्या आत घरात जाय, खाटेवर बस अन् वाच.

फोन तू ब्लॉक करून ठेवला. ठेव बाप्पा, फोन तुहा आहे. पण पत्र ब्लॉक करायची सोय अजून कोणी काढली नाही. हिवरा आश्रमचा पोष्टमन तुह्या दारात येईनच. तू नाही वाचलं तं वहिनी वाचतीन, गीतावहिनीले माह्यं अक्षर आवडते.

काम असं आहे. मेहकरचा कचरू रद्दीचं दुकान बंद करून राह्यला. पोट्टे म्हणतात, "बाबा, आता लोकं पेपरच घेत नाहीत तं रद्दी कोठून येईन, आपण मोबाइलचं टाकू." दसऱ्याले रद्दीवर कुलूप. त्याच्या मागच्या खोलीत शेवटचा माल पडला आहे. जालन्याचे एक प्रोफेसर वारले, भूगर्भशास्त्राचे. घरच्यांनी अख्खं कपाट उपसून विकलं. चार गोण्या, तोंडं सुतळीनं शिवलेली. एकीले छोटं भोक आहे, त्यातून मी डोळा लावून पाह्यलं. निळा पुठ्ठा दिसला किसन. आपलं ते भूगर्भाचं त्रैमासिक, ज्याच्यासाठी आपण भुसावळपर्यंत रद्दीवाले पालथे घातले. अन् त्याच्या खाली दोऱ्यानं बांधलेला पत्रांचा गठ्ठा, हातानं लिहिलेला, जांभळ्या शाईचा.

मी गोणी उसवली नाही. कचरू म्हणे, "चाचा, उसवा ना. किसनभाऊ काई येत नाई आता." मी म्हटलं, तू तराजू सांभाळ, रीत मले नको शिकवू. दोघं समोर असल्याशिवाय गोणी उसवायची नाही, ही आपली रीत. तू भांडला म्हणून रीत मोडत नाही.

शनिवारी मी कचरूकडं आहे. येजो. पिकातल्या डवरणीचं कारण सांगू नको, डवरा गडी धरते अन् तू बांधावर बसून सुपारी कातरते, मले सारं माहीत आहे.

तुहा,
बद्रुद्दीन

---

सुलतानपूर
२९ जुलै २०२४

किसन,

तू आला नाही. ठीक आहे. मी दर शनिवारी त्या गोण्यांवर बसतो, कचरूचा चहा पितो अन् घरी येतो. दुकानात माहा बिलाल आहे, पाइप अन् तोट्या तो माह्यापेक्षा बरा विकते, त्याच्यामुळं मले वेळच वेळ आहे. तू थकशीन, मी थकत नाही.

तुहं म्हणणं साऱ्या मेहकर तालुक्यानं ऐकलं. बद्रुनं माह्या पोरीचा, पायलचा, साखरपुडा मोडला. लग्नात, बाजारात, बँकेच्या रांगेत, सगळीकडं तू हेच सांगितलं. माह्यं कोणी ऐकलं नाही. म्हणून आता तू ऐक.

आपल्याकडं मरणाची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. ते कार्ड उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, बाहेरच वाचतात अन् तिथंच फाडून टाकतात. हे मले माहीत नाही काय? मी काय विलायतेहून आलो? सुलतानपुरातच लहानाचा मोठा झालो ना बे. अन् मी जुनी पत्रं जमवणारा माणूस, मले तं तुह्यापेक्षा जास्त माहीत. आपल्या एवढ्या मोठ्या ढिगात मरणाचं कार्ड एकबी नाही, कारण ते कोणी ठेवतच नाही.

झालं काय, मागच्या साली कचरूच्या एका गठ्ठ्यात जुनी कोरी कार्डं निघाली होती. मले वाटलं, पायलच्या साखरपुड्याले शुभेच्छा द्यायच्या तं अशा जुन्या, सुंदर कार्डावर द्याव्या. वरून तिकीट चिकटवलं, दोन ओळी लिहिल्या, टाकलं. कोपरा मी फाडला नाही. उंदरानं खाल्ला होता. अन् तुले मी शंभरदा शिकवलं, कुरतडलेली कड दातेरी असते, फाडलेल्या कडेले कागदाचे केस निघतात. चष्मा लावून पाह्यलं असतं तं कळलं असतं.

पण पाह्यलं कोणी? कार्ड आलं ऐन साखरपुड्याच्या सकाळी, अन् घेतलं शालूआत्यानं. तिनं कोपरा पाह्यला अन् वाचलंच नाही! फाडून उकिरड्यावर फेकलं अन् दारात बसून जो गळा काढला! मंग सारं घर रडायले लागलं. कोण गेलं, काऊन गेलं, कोणाले पत्ता नाही, तरी सगळे रडून राह्यले. बायांनी डोक्यावरून पानी घेतलं. तू एकएका पाहुण्याले फोन लावून विचारत होता, "जिवंत आहे ना?" अन् तिकडून पोराकडची गाडी आली, सुतक ऐकलं अन् पानी न पिता परत गेली.

तेवढ्यात मी पेढ्याचा डबा घेऊन पोचलो. अंगणात ती रडारड पाह्यली. मी विचारलं, "कोण गेलं?" कोणी तरी म्हटलं, "माहीत नाई, पन कार्ड आलं."

मी म्हटलं, "माह्यं कार्ड पोचलं का?"

एवढंच म्हटलं मी. अन् तू माह्याकडं जसं पाह्यलं, तसं शाळेत सोबत बसलो तेव्हापासून कधी पाह्यलं नव्हतं. म्हटलं, "माह्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको बद्रु." पेढ्याचा डबा मी परत घरी आणला, पेढे बिलालच्या पोरांनी खाल्ले.

पोराकडच्यांनी अपशकुन म्हणून नकार कळवला, त्याचं दुःख मले बी झालं. पण माह्या दोन ओळी जर कोणी वाचल्या असत्या, तं हे काहीच झालं नसतं. वाचायचं होतं. माह्यं एवढंच म्हणणं आहे, अन् मी ते मरेपर्यंत म्हणीन.

बद्रुद्दीन

---

सुलतानपूर
२१ ऑगस्ट २०२४

किसन,

काल मी माहा अर्धा ढीग उपसून बसलो होतो. जहांआरा म्हणते, तुमचे कागद माह्या सवती आहेत. मी म्हटलं, सवत जुनी झाली की भांडत नाही.

एक गोष्ट लक्षात आली. आपण दोघं मूर्ख आहोत. मी मूर्ख हा शब्द विचार करून वापरून राह्यलो.

आपली वाटायची पद्धत आठव. एकानं पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्यानं ढिगातून एक उचलून विचारायचं, "हे कोणाचं?" पाठ केलेल्यानं न पाहता सांगायचं, "तुहं" नाही तं "माह्यं". लोक शेतातले वाटे असे करतात, आपण शास्त्राची मासिकं अन् पत्रं अशी वाटली. भांडण नको, लबाडी नको. बरं वाटायचं तेव्हा. पण झालं काय पाह्य. एका अंकात लोणारच्या सरोवरावरचा लेख सुरू होते अन् पुढचा भाग पुढच्या अंकात, तो अंक तुह्या माळ्यावर. एका बाईनं विचारलं, सरोवराचं पानी खारं कसं, अन् तिचं उत्तर तुह्याकडं. माह्या घरी निम्मं शास्त्र आहे अन् तुह्या घरी निम्मं. ना तू शिकला ना मी.

पत्रांचं तं त्याहून वाईट. भांडणाच्या आधीच्या शनिवारी तो गठ्ठा वाटला होता, आठवते? सरोवराची मोजणी करायले इंग्रजांच्या काळात आलेला तो सर्वेअर अन् साताऱ्याकडची त्याची बायको. तू पाठ करून उभा होता, मी उचलत होतो. नशीब असं की त्याची सारी पत्रं माह्या वाट्याले आली अन् तिची तुह्या. आता मी त्याची वाचतो. तो लिहिते, इथं तंबूत विंचू निघतात, पानी कडू आहे, पण संध्याकाळी सरोवर पाह्यलं की तुझी आठवण येते. सगळ्यात शेवटच्या पत्रात तो विचारते, "माझं काम लांबलं आहे. तू येतेस, की सगळं सोडून मीच येऊ?" तिथं माह्या बाजूचं संपलं. तिनं काय उत्तर दिलं ते तुह्या ट्रंकेत आहे. मले रात्री झोप येत नाही लेका. ती आली का?

हे सांगशीन तरी. बाकी नको बोलू.

आता दुसरी गोष्ट. मी ती लिहिणार नव्हतो. मे महिन्यात पायलचं दुसऱ्या पोराशी लगीन झालं. सुलतानपुरात तू कितीक घरी पत्रिका वाटली, चक्कीवाल्याच्या घरी दिली, जो तुह्याशी धड बोलत बी नाही. माह्या घरी आली नाही. मी दुकानाच्या ओट्यावर बसून पाह्यलं, तुही गाडी आली अन् माह्या समोरून निघून गेली. मले लागलं किसन. लय लागलं. त्या पोरीनं आपल्या प्रत्येक गठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या लिहिल्या, शाळेत होती तेव्हापासून. तिचं अक्षर माह्या कपाटभर आहे. अन् तिच्या लग्नात मी नाही.

जहांआरा गेली होती. मले सांगितलं, माहेरी जातो, अन् तिथं आहेर देऊन आली. परवा बोलता बोलता तोंडून निघालं तिच्या. मी चिडलो नाही. मले उलटं बरं वाटलं, आपल्या घरातलं एक माणूस तरी जेवून आलं. अन् पायलनं हिच्या कानात काय सांगितलं, ऐक. "चाची, चाचाले सांगजा, त्या साखरपुड्याच्या दिवशी सारे रडत होते, मी एकटी न्हाणीत तोंड दाबून हसत होती. ते पोरगं मले पसंतच नव्हतं."

हे पोरीले विचारू नको अन् तिच्यावर डाफरू नको. फक्त माहीत असू दे.

गोण्या अजून शिवलेल्या आहेत.

बद्रुद्दीन

---

सुलतानपूर
१६ सप्टेंबर २०२४

किसन,

कचरूकडून कळलं, तुह्या छातीत दुखलं अन् तुले बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. मले काही काळजी नाही. तू पिंपळगावच्या जत्रेत पोट्टा असताना पैज लावून अख्खा भोपळा खाल्ला होता अन् दुसऱ्या दिवशी शाळेत आला. तुले काही होत नाही.

बुलढाण्याले माह्यं काम होतं, म्हणून दवाखान्यात डोकावलो. खोटं कायले बोलू, काही काम नव्हतं. वरांड्यात बाकावर बसलो. तू मनाई केली ती तुह्या उंबऱ्याची, दवाखान्याचा उंबरा तुह्या बापाचा नाही. पण आत आलो नाही. डॉक्टर म्हणत होता, राग येऊ देऊ नका. मले पाहून तुले राग आला असता. वहिनी बाहेर आल्या, माह्याकडं पाह्यलं अन् आत गेल्या. थोड्या वेळानं चहावाला आला अन् म्हणे, "त्या बाईनं पाठवला." साखर बरोबर होती. त्यांच्या लक्षात आहे.

ऐक. उंदीर माह्या घरचा होता. एवढं मी कबूल करतो. त्याच्या पुढं एक पाऊल नाही.

कचरू म्हणते, दसऱ्याच्या आधी कागद गिरणीचा ट्रक येते, गोण्या उचलते, लगदा करते. मी त्याले बोललो, ट्रकसमोर मी आडवा पडीन. तो हसला. त्याले वाटलं मी मजाक केली.

गोळ्या वेळेवर घेजो. आत्याचं ऐकून काढे पिऊ नको. उत्तर देऊ नको, हात दुखत असंन तं. फक्त बरा हो.

बद्रु

---

सुलतानपूर
१ ऑक्टोबर २०२४

किसन,

हरामखोरा.

आता सांगतो, आज काय झालं. सकाळी मी ओट्यावर दाढी करत होतो. पोष्टमननं कार्ड दिलं. दिलं कसलं, हातात टाकलं अन् मान खाली घालून सायकल वळवली. मी कार्ड पाह्यलं. वरचा उजवा कोपरा नाही. फाडलेला. कागदाचे केस निघालेले. उंदराचं काम नाही, माणसाचं.

पत्त्यावर अक्षर पायलचं.

मले लगेच समजलं. पायल माहेरी आली, तिनं पत्ता लिहिला, म्हणजे लिहायले दुसरं कोणी राह्यलं नाही. मी कार्ड उलटं करून पाह्यलं नाही. सांगतो तुले, माह्यानं उलटवलंच नाही. कार्ड ओट्याच्या कडेवर ठेवलं, वरून वस्तऱ्याचा डबा ठेवला, उडू नये म्हणून. अर्ध्या गालाले साबण तसाच. मंग मोरीत गेलो अन् कपड्यासकट डोक्यावरून बादली ओतली. दुसरी ओतली. बिलाल धावत आला, "अब्बा, काय झालं?" मी म्हटलं, "किसन गेला." अन् मोरीतच खाली बसलो अन् रडलो. इतका रडलो की गल्लीतले लोक दारात आले. चक्कीवाला बी आला.

मी मुसलमान माणूस. तुमच्याकडचं सुतक मले लागत नाही. तुहं लागलं.

मोरीत बसून मी काय काय बोललो ते बिलालले विचार, मी लिहीत नाही. एक सांगतो. मी म्हटलं, अल्ला, त्याच्या पोरीच्या साखरपुड्याले मी पेढे नेले अन् त्याच्या मयतीले मले कोणी फोन बी केला नाही.

जहांआरा बाहेर आली. तिनं माह्याकडं पाह्यलं, ओट्यावरच्या कार्डाकडं पाह्यलं अन् विचारलं, "वाचलं का?"

मी म्हटलं, "वाचायचं काय त्याच्यात?"

ती म्हणे, "दीड वर्षं साऱ्या तालुक्याले सांगून राह्यले, वाचायचं होतं, वाचायचं होतं. अन् स्वतःवर आली तं बादली घेतली? आता शालूआत्याले कोणत्या तोंडानं बोलता?"

मी तोंडावरचं पानी पुसलं. तिनं वस्तऱ्याचा डबा बाजूले केला, चष्मा लावला अन् साऱ्या गल्लीसमोर मोठ्यानं वाचलं.

"बद्रु, जिवंत आहे बे. पत्ता पायलले लिहायले लावला, नाही तं माह्या अक्षरावरून तू वळखलं असतं. आता समजलं का, असं कार्ड हातात आलं की वाचवत नाही ते? आत्याले उगाच बोलत होता. तुह्या सर्वेअरच्या बायकोनं लिहिलं आहे, तुम्ही काम सोडू नका, मीच येते. मी बी येतो. शनिवारी, कचरूकडं. गोण्यांले हात लावला तं याद राख. किसन."

गल्ली हसली. चक्कीवाला तं खाली बसून हसला, ज्यानं तुह्या पोरीच्या लग्नाचं जेवण खाल्लं. बिलाल हसला, त्याचे पोट्टे हसले. मी ओला, अर्धी दाढी बाकी, अन् मले हसू येईना. मंग आलं. असं आलं की पोटात दुखलं.

जिंकला तू. घे. एवढे दिवस मी घोकलं, वाचायचं होतं, अन् तू एका कोपऱ्यात मले गप केलं. शालूआत्याले माह्या तर्फे सलाम सांग. म्हणजो, बद्रु म्हणते, बुढे, तुहं बरोबर होतं, भीती वाटली की डोळे वाचत नाहीत.

रीतीनं हे कार्ड फाडून टाकायले पाहिजे. फाडलं नाही. माह्या पत्रांच्या तारेत सगळ्यात वर ओवलं. आपल्या साऱ्या ढिगात मरणाचं कार्ड एक बी नव्हतं, आता एक आहे, अन् ज्याच्या मरणाचं आहे तो शनिवारी चहा प्यायले येऊन राह्यला.

हे पत्र तुले आधी मिळते का नंतर, माहीत नाही. आधी मिळालं तं ऐक. गोण्या उसवायच्या, पण पाठ कोणी करायची नाही. सारं एकाच ठिकाणी ठेवायचं. जागा माह्या दुकानाच्या माडीवर आहे, बिलालनं पाइप हलवायचं कबूल केलं. तुह्या ट्रंका गाडीत टाकून आण. गाडी हळू चालव, डॉक्टरनं काय सांगितलं ते वहिनी तुले सांगतीन. त्यांलेही घेऊन ये, जहांआरानं आताच खिचड्याचे गहू भिजवायचं मनावर घेतलं आहे, शनिवारले अजून किती वेळ आहे तरी.

अन् कार्डाचा तो कोपरा आण. फाडून कुठं टाकला असंन तं शोध. माह्या संग्रहात मी अर्धवट माल ठेवत नाही.

तुहा,
बद्रु